पूर्ण विजेवर चालणारी इमारत आखताना : पहिल्या रेखाटनापासून मीटरपर्यंत

दोनशे विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहाचं काम माझ्याकडे आलं तेव्हा नकाशे जवळजवळ तयार होते. गच्चीवर गॅसच्या बॉयलरची खोली होती, स्वयंपाकघराला गॅसची लाइन होती, धुराड्यासाठी उभी जागा सोडलेली होती. मग मालकांनी ठरवलं, इमारतीत काहीही जळायला नको, सगळं विजेवर. निर्णय चांगला होता. बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या आणि उपाय तिथल्या तिथे ठरला : बॉयलर काढायचा, पन्नास बाथरूममध्ये तीन-तीन किलोवॅटचे गीझर लावायचे, काम संपलं.

आठवड्याभरात विद्युत सल्लागाराचा फोन आला. नुसत्या गीझरांचाच भार १५० किलोवॅट होत होता. ट्रान्सफॉर्मर मोठा, केबल जाड, पॅनेलची खोली दुप्पट. त्यावर मी उत्सर्जनाचा हिशेब मांडला, तर तो गॅसपेक्षाही वाईट निघाला. सगळं पुन्हा पहिल्यापासून आखावं लागलं. शेवटी तेच काम सहा किलोवॅटच्या आसपास वीज घेणाऱ्या यंत्रणेवर बसलं. कसं, ते पुढे पाचव्या पायरीत सविस्तर सांगते.

हा लेख त्या सगळ्या फेऱ्या तुमच्यासाठी टळाव्यात म्हणून. तुम्ही आर्किटेक्ट असाल, यंत्रणांचं काम नव्याने शिकत असाल किंवा स्वतःच्या संस्थेची इमारत बांधायला निघाला असाल, तर एक गोष्ट आधीच पक्की करा : विजेवर जाणं म्हणजे जळणाचं यंत्र काढून त्या जागी विजेचं यंत्र ठेवणं नव्हे. पाणी किती गरम लागतं आणि ते केव्हा लागतं, हे दोन प्रश्न पहिल्या रेखाटनाच्या वेळी विचारले तरच हे जमतं.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या आकडेवारीप्रमाणे जगातल्या ऊर्जेशी निगडित उत्सर्जनापैकी सुमारे २६ टक्के इमारतींच्या वापरातून येतं. त्यातले साधारण ८ टक्के थेट इमारतीतच जळणाऱ्या इंधनाचे, बाकीचे वीज आणि बाहेरून आणलेल्या उष्णतेचे. आज बसवलेला गॅस बॉयलर पंधरा-वीस वर्षं तितकाच धूर सोडणार. विजेचं यंत्र मात्र ग्रिड, म्हणजे वीज पुरवणारं जाळं, जसजशी स्वच्छ होईल तसतसं, तुम्ही हात न लावता, स्वच्छ होत जातं.

सुरुवातीला हे गोळा करा

- गरम पाणी, खोल्या तापवणं, गार करणं आणि स्वयंपाक यांचा तासागणिक वापर. तशाच चालू इमारतीच्या मीटरची नोंद मिळाली तर सोन्याहून पिवळं.
- त्या जागेची तासागणिक हवामानाची फाइल, आणि थंडीतलं व उन्हाळ्यातलं टोकाचं तापमान.
- वीज कंपनीचं लेखी उत्तर : किती भार मिळेल, कोणत्या दाबावर (व्होल्टेजवर), ट्रान्सफॉर्मर कोणी बसवायचा, किती महिने लागतील. तोंडी आश्वासनावर नकाशा काढू नका.
- त्या ग्रिडच्या एका युनिटमागे, म्हणजे एका किलोवॅट-तासामागे, किती कार्बन डायऑक्साइड जातो तो आकडा. तासागणिक मिळाला तर उत्तम.
- यंत्रांचे कामगिरीचे पूर्ण तक्ते. माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावरचा एकच आकडा चालणार नाही.
- स्थानिक बांधकाम नियम. नेदरलँड्सने जुलै २०१८ पासून नव्या इमारतींना गॅसजोडणी देणं जवळपास थांबवलं. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात १ जानेवारी २०२४ पासून नियोजन परवाना लागणारी नवी घरं पूर्ण विजेवर असावी लागतात. उलट कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराने २०१९ मध्ये नव्या इमारतींतला गॅस बंद केला, तो नियम २०२३ मध्ये न्यायालयात टिकला नाही. तेव्हा गेल्या वर्षीच्या ऐकीव माहितीवर विसंबू नका, चालू नियम वाचा.
- साधनं : एक चांगली स्प्रेडशीट, जमलं तर इमारतीच्या ऊर्जावापराचं गणित करणारं एनर्जीप्लस हे मोफत सॉफ्टवेअर, आणि पुढे मोजमापासाठी क्लॅम्प मीटर, तापमान नोंदवणारे डेटा लॉगर, हवाबंदपणा तपासायचा ब्लोअर डोअर.

१. जे जे जळतं त्याची यादी करा

बॉयलर आणि शेगडी सगळ्यांना आठवते. कपडे वाळवायचं यंत्र, प्रयोगशाळेतले बर्नर, निर्जंतुकीकरणाची वाफ, पोहण्याचा तलाव, हवेत ओलावा सोडणारी यंत्रणा, डिझेल जनरेटर हे मात्र शेवटच्या महिन्यात उगवतात. प्रत्येकासमोर तीन रकाने करा : किती उष्णता, किती अंशांवर, दिवसाच्या कोणत्या तासाला.

मधला रकाना बहुतेक जण रिकामा ठेवतात, आणि खरा निर्णय तिथेच असतो. अंघोळीला ४०-४२ अंशांचं पाणी पुरतं. निर्जंतुकीकरणाला वाफच लागते. या दोन्ही गोष्टी एकाच मोठ्या बॉयलरवर टाकायची जुनी सवय असते, ती इथे मोडा. वाफ लागणाऱ्या चार यंत्रांना विजेवरची स्वतःची छोटी वाफेची यंत्रं द्या आणि बाकीच्या इमारतीला त्या तापमानातून सोडवा.

२. ग्रिडचा हिशेब प्रामाणिकपणे मांडा

नैसर्गिक वायू जाळल्यावर एका किलोवॅट-तास उष्णतेमागे सुमारे ०.२ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. निव्वळ कोळशावरच्या विजेच्या एका युनिटमागे सुमारे एक किलो. जलविद्युत भरपूर असलेल्या नॉर्वेसारख्या देशात काही ग्रॅमच.

आमच्या वसतिगृहाला गळतीतली उष्णता धरून रोज सुमारे २८० किलोवॅट-तास उष्णता गरम पाण्यासाठी लागत होती. तीन पर्याय असे पडले :

- गॅस बॉयलर, कार्यक्षमता ८५ टक्के : ३२९ किलोवॅट-तास गॅस, म्हणजे रोज साधारण ६६ किलो कार्बन डायऑक्साइड.
- साधे गीझर, ग्रिड ०.७ किलोची (म्हणजे एका युनिटमागे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड) : २८० युनिट, म्हणजे १९६ किलो.
- हीट पंप (बाहेरची उष्णता उचलून आत आणणारं यंत्र), एका युनिटात तीन युनिट उष्णता देणारा : ९३ युनिट. ग्रिड ०.७ ची असेल तर ६५ किलो, ०.४ ची असेल तर ३७, ०.१ ची असेल तर ९.

मधली ओळ पुन्हा वाचा. कोळशावरच्या ग्रिडवर नुसती कॉइल तापवली तर गॅसच्या तिप्पट उत्सर्जन होतं. ‘विजेवर आहे, म्हणजे हिरवं आहे’ असं म्हणून मोकळं होता येत नाही. हीट पंप मात्र ०.७ च्या ग्रिडवरही गॅसच्या बरोबरीला उभा राहतो, आणि ग्रिड सुधारली की पुढे निघून जातो. याशिवाय गॅस नळीतून गळतो तो हिशेब वेगळाच. शंभर वर्षांच्या मापाने मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २८ ते ३० पट जास्त तापवतो.

हीट पंप उष्णता निर्माण करत नाही. हवेतली, पाण्यातली किंवा जमिनीतली उष्णता उचलून आत आणून टाकतो, म्हणून एका युनिटात तीन युनिटांचं काम होतं. हे तंत्र नवंही नाही. झुरिकच्या नगरभवनात १९३८ साली लिमात नदीच्या पाण्यातून उष्णता घेणारा हीट पंप बसवला होता.

३. आधी गरज कमी करा, यंत्र नंतर निवडा

ही पायरी सगळ्यांना पाठ असते, म्हणून थोडक्यात. दिशा, काचेचं प्रमाण, खिडकीवरची सावली, भिंत-छताचं इन्सुलेशन, फटी बुजवणं. जर्मनीत डार्मश्टाटला १९९१ मध्ये पहिली पॅसिव्ह हाउस पद्धतीची घरं बांधली गेली. त्या मानकात तापवण्याची गरज वर्षाला चौरस मीटरमागे १५ किलोवॅट-तासांच्या आत लागते आणि ५० पास्कल दाबाला ताशी ०.६ पेक्षा जास्त वेळा हवा बदललेली चालत नाही. तुम्ही तिथपर्यंत जालच असं नाही, पण करारात हवाबंदपणाचा एक आकडा लिहा आणि तो ब्लोअर डोअरने तपासला जाईल असंही लिहा. आकडा लिहिला नाही तर फटी कोणाच्याच कामात येत नाहीत.

विजेच्या इमारतीत या पायरीचं मोल जास्त आहे. गॅसमध्ये गरज वाढली तर बॉयलर थोडा मोठा घ्यायचा, फरक फारसा जाणवत नाही. इथे वाढलेली प्रत्येक किलोवॅटची गरज केबल, पॅनेल, ट्रान्सफॉर्मर सगळीकडे चढत जाते.

४. पाण्याचं तापमान खाली आणा

जुन्या पद्धतीत बॉयलर ८० अंशांचं पाणी फिरवतो आणि रेडिएटर (गरम पाण्याने खोली तापवणारे पॅनेल) किंवा हवा तापवणाऱ्या कॉइल त्या हिशेबाने छोटे असतात. हीट पंपाला हे परवडत नाही. बाहेर १० अंश आणि पाणी ४५ चं हवं असेल तर ३५ अंशांची चढण. पाणी ६५ चं हवं असेल तर ५५ अंशांची. चढण जितकी मोठी तितकी वीज जास्त. पाण्याचं तापमान एक अंश वाढवलं की कार्यक्षमता साधारण दोन टक्क्यांनी घसरते, असं गणित मनात ठेवा.

म्हणून खोल्या तापवायला ३५ ते ४५ अंशांवर काम होईल अशी रचना करा : जमिनीखालच्या नळ्या, मोठ्या पृष्ठभागाचे रेडिएटर, जास्त ओळींच्या कॉइल. यांना जागा लागते. ती आर्किटेक्टकडून पहिल्या महिन्यातच मागून घ्या, छताची उंची ठरल्यावर मिळत नाही.

जुनी इमारत विजेवर न्यायची असेल तर एक सोपी परीक्षा आहे. ऐन थंडीत सध्याच्याच बॉयलरचं तापमान ५५ अंशांवर आणा आणि काही दिवस राहून बघा. खोल्या उबदार राहिल्या तर रेडिएटर बदलायची गरज नाही. दोन-तीनच खोल्या गार पडल्या तर तेवढेच बदला. या परीक्षेला काही खर्च नाही, आणि मी पाहिलेल्या निम्म्याअधिक ठिकाणी लोकांना वाटत होतं त्यापेक्षा खूप कमी रेडिएटर बदलावे लागले.

इमारतीत एकीकडे गार करणं आणि दुसरीकडे गरम पाणी एकाच वेळी चालत असेल, जसं रुग्णालयात किंवा मोठ्या हॉटेलात, तर खोल्यांतून काढलेली उष्णता बाहेर फेकू नका. तीच पाण्यात घाला. एकाच कॉम्प्रेसरच्या विजेत दोन्ही कामं होतात, आणि हा फायदा बॉयलरला कधीच देता येत नाही. फक्त दोन्ही गरजांचे तास जुळतात का ते तासागणिक तक्त्यावर पाहा. वर्षाची बेरीज जुळली म्हणजे तास जुळले असं होत नाही.

५. गरम पाणी : सगळ्यात जास्त चुका इथेच

वसतिगृहाचा हिशेब पूर्ण सांगते, तुमचे आकडे घालून तसाच मांडा.

दोनशे मुलं, प्रत्येकी ४५ अंशांचं ४० लिटर पाणी, म्हणजे रोज ८००० लिटर. नळाचं पाणी २० अंशांचं. एक लिटर पाणी एक अंश तापवायला १.१६३ वॅट-तास लागतात. ८००० गुणिले २५ गुणिले १.१६३ म्हणजे साधारण २३३ किलोवॅट-तास. त्यावर नळ्या आणि टाकीतून जाणारी वीस टक्के उष्णता धरली, २८० झाले.

आता हे २८० किलोवॅट-तास सकाळच्या दोन तासांत मिळवायचे की सोळा तासांत? गीझर लावले की सहा ते आठ या वेळात सगळे एकदम चालू होतात, म्हणून १५० किलोवॅट. टाकीत साठवलं तर सोळा तासांत सावकाश तापवता येतं : ताशी १७.५ किलोवॅट उष्णता, आणि हीट पंपाला त्यासाठी लागते सुमारे ६ किलोवॅट वीज. सगळा फरक साठवणीने पडला.

टाकी किती मोठी? ६० अंशांवर साठवून वापराच्या वेळी गार पाणी मिसळलं तर ८००० लिटरचं काम ५००० लिटरमध्ये होतं. त्यातलं सत्तर टक्के सकाळीच लागतं असं धरलं तर ३५००, थोडं वरचढ धरून ४०००. साठवण ६० अंशांखाली नेऊन वीज वाचवायचा मोह होतो, तो टाळा. लेजिओनेला हे जीवाणू साधारण २० ते ४५ अंशांच्या पाण्यात वाढतात आणि फवाऱ्यातून फुप्फुसात जातात. साठवण ६० वर, आणि नळापाशी पाणी पोळणार नाही असा मिश्रण-व्हॉल्व्ह. ही रचना सोडू नका.

४००० लिटर म्हणजे चार टन पाणी, टाकीचं वजन वेगळं. स्ट्रक्चरल इंजिनिअरला हे पहिल्याच महिन्यात सांगा. आमच्या वेळी गच्चीचा स्लॅब ओतायच्या बेतात होता. दोन तुळयांमधली जागा सोडून टाक्या स्तंभांवर आणाव्या लागल्या आणि त्यासाठी सगळ्या नळ्यांचा मार्ग बदलला.

आता खरा सापळा. मोठ्या इमारतीत नळ उघडल्याबरोबर गरम पाणी यावं म्हणून पाणी सतत नळ्यांतून फिरवत ठेवतात आणि ते परत टाकीत येतं. परत येणारं पाणी ५२-५५ अंशांचं असतं. ते टाकीच्या तळाशी जोडलं तर तळचं गार पाणी ढवळलं जातं, आणि हीट पंपाला आधीच तापलेलं पाणी पुन्हा तापवायला मिळतं.

आमची यंत्रणा चालू होऊन दोन आठवडे झाले होते. बिल अंदाजाच्या दीडपट येणार असं दिसत होतं. रात्री साडेदहाला मी टाकीपाशी उभी राहिले. कोणीच पाणी वापरत नव्हतं, तरी कॉम्प्रेसर दर सहा-सात मिनिटांनी चालू होत होता. टाकीच्या तळातून हीट पंपाकडे जाणाऱ्या नळीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. ती गार असायला हवी होती. वरचा थर्मामीटर ६० दाखवत होता, खालचा ५३. टाकीत वर गरम, खाली गार असे थर उरलेच नव्हते.

उपाय असा केला : परतीच्या पाण्यासाठी एक वेगळी छोटी टाकी लावली. मोठ्या टाकीतलं गरम पाणी या छोट्या टाकीतून होऊन नळांकडे जातं, परतीचं पाणीही तिच्यातच येतं आणि फिरताना गेलेली उष्णता तिथेच भरून निघते. मोठ्या टाकीचा तळ गार राहिला, कॉम्प्रेसर दिवसातून मोजक्या वेळा पण लांब चालू लागला. आत कार्बन डायऑक्साइड फिरवणारे हीट पंप तर येणारं पाणी गार असेल तरच नीट चालतात. तिथे ही चूक केली तर यंत्र बंदच पडतं. तुमच्या आकृतीत परतीची नळी मोठ्या टाकीच्या तळाला जोडलेली दिसली, तर पुढच्या नकाशावर सही करू नका.

फिरणाऱ्या नळीची लांबी कमी ठेवा, तिच्यावरच्या इन्सुलेशनमध्ये कंजुषी करू नका, आणि मिनिटाला सहा-सात लिटरचे शॉवर निवडा. शॉवर मिनिटाला दहा लिटरचा असेल तर वरचा सगळा हिशेब दीडपट होतो.

लहान घरासाठी टाकीवरच हीट पंप बसवलेला एकसंध गीझर मिळतो. तो खोलीतली उष्णता घेतो, त्यामुळे खोली गार आणि कोरडी होते. त्याला बंद कपाटात कोंडू नका. निर्मात्याने सांगितलेला हवेचा घनफळ आकडा, निचऱ्याची नळी आणि आवाज या तिन्हींची सोय झोपायच्या खोलीपासून दूर करा.

६. विजेचा भार एकाच तक्त्यावर आणा

प्रत्येक सल्लागार आपापल्या परीने सुरक्षित राहायला पाहतो. तापवण्याच्या गणितात वीस टक्के जादा, पाण्याच्या गणितात वीस टक्के जादा, मग विजेच्या गणितात पंचवीस टक्के जादा. १.२ गुणिले १.२ गुणिले १.२५ म्हणजे १.८. कोणी चुकलं नाही आणि इमारत ऐंशी टक्के मोठी झाली. याचा परिणाम नुसता खर्चावर होत नाही. गरजेपेक्षा मोठा हीट पंप सतत चालू-बंद होतो आणि लवकर झिजतो.

म्हणून एकच तक्ता ठेवा. उभ्या रकान्यांत चोवीस तास, आडव्या ओळींत यंत्रं, आणि जादा टक्केवारी फक्त शेवटी, एकदाच, सगळ्यांच्या संमतीने. असे दोन तक्ते करा : थंडीतला सगळ्यात वाईट दिवस आणि उन्हाळ्यातला सगळ्यात वाईट दिवस. पूर्वी इमारतींचा सर्वोच्च भार उन्हाळ्यात असे. विजेवर गेल्यावर तो थंडीतल्या सकाळी सरकू शकतो.

या तक्त्यावर सर्वोच्च भार दिसला की विचारा : कोणती गोष्ट दुसऱ्या तासाला हलवता येते? गरम पाणी हलतं. गाड्यांचं चार्जिंग हलतं. स्वयंपाक हलत नाही, लिफ्ट हलत नाही. हलणाऱ्यांना नियंत्रकावर टाका, म्हणजे एका मर्यादेपुढे ते आपोआप मागे थांबतील.

अगदी कडाक्याच्या थंडीसाठी हीट पंपाला जोडून आधाराला विजेची तापणारी कॉइल लावायचा सल्ला मिळेल. कधी कधी तो बरोबरही असतो, कारण बाहेरचं तापमान उतरलं की हवेवरच्या हीट पंपाची क्षमता घटते आणि बाहेरच्या कॉइलवर जमलेला बर्फ वितळवण्यासाठी तो मधूनमधून थांबतो. पण ती कॉइल कधी चालू होणार हे नियंत्रणाच्या कागदावर आकड्यात लिहून घ्या. नाहीतर सकाळी तापमान वाढवण्याच्या घाईत ती रोज चालते आणि वर्षभर कोणाच्या लक्षात येत नाही.

७. स्वयंपाकघर

इंडक्शनमध्ये घेतलेल्या विजेचा सुमारे ८५ टक्के भाग भांड्यात पोहोचतो. गॅसच्या ज्योतीतली निम्म्याहून जास्त उष्णता भांड्याच्या कडेने निसटून जाते. ज्वलन नसल्याने नायट्रोजन डायऑक्साइड हवेत मिसळत नाही आणि बाहेर हवा खेचायचा पंखाही लहान करता येतो, म्हणजे तापवून किंवा गार करून आणलेली हवा कमी फेकली जाते.

यंत्र निवडण्याआधी एक काम करा : रोज तिथे उभं राहणाऱ्या माणसांना इंडक्शनवर आठवडाभर काम करू द्या. भांडी लोहचुंबक लावून तपासा, चिकटतात ती चालतात. खोलगट बुडाच्या भांड्यांसाठी तसेच खोलगट इंडक्शन मिळतात, ते आधी मागवून दाखवा. आमच्याकडे हे केलं नव्हतं, आणि पहिल्या महिन्यात स्वयंपाकघरातून रोज तक्रार येत होती. मग मोठी भांडी बदलली, ज्योत दिसत नसताना आच कशी ओळखायची हे दोन दिवस शिकवलं, आणि तक्रारी थांबल्या. त्यांच्या जागी कोणीही असतं तरी वैतागलं असतं. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

८. बाहेरचं यंत्र आणि त्यातला रेफ्रिजरंट

हीट पंपाला हवा लागते आणि त्याने फेकलेली हवा पुन्हा त्याच्याकडे येता कामा नये. उभ्या डक्टमध्ये एकावर एक यंत्रं रचली की खालच्याने फेकलेली हवा वरचं घेतं, त्याची त्याच्याही वरचं. प्रत्येक बाजूला निर्मात्याने सांगितलेलं अंतर नकाशात आखून दाखवा. दुरुस्तीला माणूस उभा राहील, कॉम्प्रेसर उचलून नेता येईल, निचऱ्याचं पाणी कोणाच्या खिडकीवर पडणार नाही आणि शेजाऱ्याच्या झोपेच्या खोलीपर्यंत आवाज जाणार नाही, हेही त्याच नकाशात.

रेफ्रिजरंट म्हणजे एसी दुरुस्त करणारे ज्याला नुसतं ‘गॅस’ म्हणतात तो. त्याच्या प्रत्येक प्रकाराला कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत तापवण्याचा एक आकडा असतो : आर-४१०ए चा २०८८, आर-३२ चा ६७५, प्रोपेनचा तीन किंवा त्याहून कमी, आणि कार्बन डायऑक्साइडचा अर्थातच १. दहा किलो आर-४१०ए गळला तर जवळपास २१ टन. ०.४ च्या ग्रिडवर आमच्या वसतिगृहाची गरम पाण्यातली बचत वर्षाला सुमारे दहा टन आहे. म्हणजे एका गळतीत दोन वर्षांची बचत गेली. २०१६ च्या किगाली दुरुस्तीनंतर (रेफ्रिजरंटबद्दलच्या आंतरराष्ट्रीय करारातला बदल) जगभर हे जास्त तापवणारे प्रकार टप्प्याटप्प्याने कमी होत आहेत, तेव्हा आज तो निवडला तर पुढे दुरुस्तीलाही अडचण येऊ शकते.

मजलोमजली फिरणाऱ्या लांब तांब्याच्या नळ्यांपेक्षा, रेफ्रिजरंट यंत्रातच राहील आणि इमारतीत फक्त पाणी फिरेल अशी रचना मला जास्त भरवशाची वाटते. सांधे कमी, गळती कमी. प्रोपेन ज्वलनशील असल्यामुळे असं यंत्र बाहेर मोकळ्या जागी, खिडक्या आणि तळघराच्या वाटांपासून दूर ठेवायला लागतं. तो नियम पाळला तर घाबरायचं कारण नाही.

९. वीज गेली तर?

हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो आणि यायलाच हवा. गॅस बॉयलरलाही पंप आणि नियंत्रणासाठी वीज लागते, तोही वीज गेल्यावर बंदच पडतो. तरी उत्तर तयार ठेवा. कोणते भार बंद पडून चालणारच नाहीत त्यांची यादी करा : आग विझवण्याचे पंप, लिफ्ट, आणीबाणीचे दिवे, रुग्णांची यंत्रं. त्यांच्यापुरता जनरेटर किंवा बॅटरी द्या. आगीच्या सुरक्षेच्या नियमांत डिझेल पंप सक्तीचा असेल तर तो ठेवा आणि कागदावर तसं स्पष्ट लिहा.

टाकीतलं पाणी हाही साठाच आहे. ४००० लिटर पाणी ४० अंशांनी तापवलेलं असेल तर त्यात १८६ किलोवॅट-तास उष्णता असते, आणि चांगलं इन्सुलेशन असलं तर ती रात्रभर टिकते. गच्चीवर सौर पॅनेल असतील तर हीट पंप मुख्यतः दुपारी चालवा. सकाळच्या अंघोळीचं पाणी आदल्या दुपारच्या उन्हावर तापतं. हे तासांचं वेळापत्रक नियंत्रकात भरायला दहा मिनिटं लागतात, पण सांगितल्याशिवाय ते कोणी भरत नाही.

१०. चालू करा, मोजा, मग ताबा द्या

ताबा देण्याच्या दिवशी सगळं चालू असतं, त्यामुळे सगळं ठीक आहे असं वाटतं. हीट पंपाची चूक यंत्र बंद पडून दिसत नाही. पाणी गरमच येतं, फक्त वीज दुप्पट जाते. म्हणून मोजण्याची सोय नकाशातच असायला हवी :

- प्रत्येक हीट पंपाला स्वतंत्र वीज मीटर आणि पाण्याच्या बाजूला उष्णता मीटर. दोन्हींचा भागाकार म्हणजे खरी कामगिरी. तक्त्यात तीन लिहिलंय आणि इथे दोन येतंय, तर कारण सापडेपर्यंत अंतिम रक्कम देऊ नका.
- टाकीवर वर, मध्ये, खाली तीन तापमान नोंदी.
- कॉम्प्रेसर तासाला किती वेळा चालू होतो त्याची मोजणी.
- आधाराच्या कॉइलला वेगळा मीटर, म्हणजे ती गुपचूप चालत असेल तर कळेल.

एक आठवडा थंडीतला आणि एक उन्हाळ्यातला, असे दोनदा मोजायचं करारात लिहून घ्या. कंत्राटदाराला दुसऱ्यांदा यायला लागणार, म्हणून तो नाही म्हणेल. आग्रह धरा.

आणि इमारत सांभाळणाऱ्या माणसाला हातात एक पान द्या, जाड पुस्तिका नको. आमच्या वसतिगृहात ते पान टाकीच्या बाजूला प्लॅस्टिकमध्ये घालून लावलंय. त्यावर चारच ओळी आहेत : वरचं तापमान ५८ ते ६२ च्या मध्ये हवं, खालची नळी हाताला गार लागली पाहिजे, कॉइलचा मीटर उन्हाळ्यात हलता कामा नये, आणि यापैकी काही बिघडलं तर कोणाला फोन करायचा.